पक्षीनोंदीच्या ॲपमधला शेवटचा प्रश्न : पार्श्वभूमी

ई-बर्ड या पक्षीनोंदीच्या संकेतस्थळाच्या ॲपवरून एका फेरीतल्या पक्ष्यांची यादी पाठवताना अखेरीस एक प्रश्न येतो : जे पक्षी दिसले, ऐकू आले आणि ओळखता आले, ते सगळे या यादीत आहेत का? उत्तर हो किंवा नाही. नवे पक्षीनिरीक्षक इथेच अडखळतात.

रानातल्या नोंदी हातातल्या यंत्रावर घेण्याचे प्रयत्न ई-बर्डच्याही आधीचे. १९९० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या कारू भागात अशी एक प्रणाली उभी राहिली. जनावरांचा माग काढण्यात मुरलेल्या माणसांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून पडद्यावर शब्दांऐवजी चित्रं आली. ई-बर्ड २००२ मध्ये संकेतस्थळ म्हणून सुरू झालं, त्याचं ॲप २०१५ मध्ये आलं. तोवर वहीत टिपायचं आणि घरी येऊन टंकायचं, वेळ आणि अंतर अंदाजाने भरायचं. ॲपने घड्याळ आणि जीपीएस स्वतःकडे घेतलं. ठिकाण आणि तारीख पाहून संभाव्य पक्ष्यांची यादीही तेच समोर ठेवू लागलं.

तो एक प्रश्न मात्र माणसाकडेच राहिला, कारण त्याचं उत्तर यंत्राला देता येत नाही. भिगवणला जाऊन कुणी फक्त रोहित पक्षी नोंदवले, तर तिथे कावळे नव्हते की लिहायचे राहिले, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. उत्तर ‘हो’ असेल, तर यादी ‘पूर्ण’ धरतात आणि तिच्यात नसलेला पक्षीही माहिती देतो : इतका वेळ, इतकं अंतर फिरूनही तो आढळला नाही.

वाद आहे तो प्रश्नाच्या मांडणीचा. ‘मला सगळे पक्षी कुठे ओळखता येतात?’ म्हणून अनेक जण प्रामाणिकपणे ‘नाही’ निवडतात. प्रश्न ज्ञानाचा नाहीच. ओळखता आलेला एखादा पक्षी मुद्दाम गाळला का, एवढंच विचारलेलं असतं. अनोळखी वटवट्या सुटला तरी यादी पूर्णच. हा प्रश्न फेरी सुरू करतानाच विचारला असता तर साळुंक्या-कावळे लिहायची आठवण वेळेवर झाली असती, असं माझं ठाम मत आहे. शेवटी विचारल्यामुळे चांगल्या याद्या विश्लेषणाबाहेर जातात, आणि उत्तर नंतर दुरुस्त केलं नाही, तर हे नुकसान भरून निघत नाही.

केरळच्या पक्षी-नकाशासाठी (२०१५ ते २०२०) हा घोळ आधीच मिटवला होता. याद्या ठरलेल्या १५ मिनिटांच्या आणि पूर्णच घ्यायच्या, असा नियम होता. देशभरातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरच्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२० च्या अहवालाने चिमणी महानगरांत घटली तरी देशभरात साधारण स्थिर असल्याचं सांगितलं. हे सांगता आलं, कारण लोकांनी चिमणीही लिहिली होती. २०२३ च्या अहवालात ९४२ जाती आणि ३ कोटींहून अधिक नोंदी होत्या, पण वाढ-घट काढायला पूर्ण याद्याच घेतल्या. त्यातही पक्ष्यांची संख्या मोजली नाही, शंभर याद्यांपैकी किती याद्यांत ती जात आहे हे पाहिलं. ज्यांनी आकड्याऐवजी ‘एक्स’ (पक्षी होता, पण मोजला नाही) लिहिला, त्यांच्या याद्या त्यामुळे वाया गेल्या नाहीत.

आता आवाजावरून पक्षी सुचवणारी ॲपं आली आहेत. फोनने सुचवलेला पक्षी स्वतः पाहून किंवा ऐकून खात्री झाली तरच लिहायचा, असा संकेत आहे. फोनने ऐकलेला पण आपल्याला न कळलेला पक्षी सोडला, तरी उत्तर ‘हो’च द्यायचं.