337 टन गेले, माती राहिली

1 जानेवारी 2025 च्या रात्री भोपाळमधल्या युनियन कार्बाइडच्या बंद कारखान्यातून 12 सीलबंद कंटेनर निघाले आणि कडक बंदोबस्तात सुमारे 250 किलोमीटरवरच्या पीथमपूरला पोहोचले. आत 337 टन विषारी कचरा होता. जूनअखेरपर्यंत तो जाळून झाला आणि चाळीस वर्षांचं ओझं उतरलं, अशा थाटाच्या बातम्या आल्या. पण हा माल 2005 पासून गोळा करून शेडमध्ये ठेवलेला होता, तो उचलणं तुलनेनं सोपं. पायाखालच्या मातीचा हिशेब निराळा आहे. नागपूरची पर्यावरण संशोधन संस्था नीरी आणि हैदराबादची भूभौतिकी संशोधन संस्था एनजीआरआय यांनी 2010 साली तो मांडला तेव्हा दूषित मातीचा अंदाज निघाला सुमारे 11 लाख टन. दहाटनी ट्रक धरला तरी लाखभराहून जास्त खेपा!

आधी एक गैरसमज दूर करू. ही माती 1984 च्या डिसेंबरमधल्या वायुगळतीच्या रात्री बिघडली नाही. त्या रात्री गळलेलं मिथाइल आयसोसायनेट पाण्याशी लगेच अभिक्रिया करतं, मातीत ते वर्षानुवर्षं टिकत नाही. मातीत मुरलं ते रोजच्या उत्पादनाचं उरलंसुरलं. कार्बारिल आणि अल्डिकार्ब या कीटकनाशकांचे अंश, एचसीएच (हेही कीटकनाशकच), डायक्लोरोबेन्झीन, पारा. 1969 ते 1984 या काळात आवारातच 21 ठिकाणी कचरा टाकला गेला होता, असं तपासात दिसलं. अपघात झालाच नसता तरी ही माती आज अशीच असती.

आता एवढ्या आवारात नमुना घ्यायचा कुठला? शेतकऱ्याला माती परीक्षण ठाऊक असतं: शेतात नागमोडी चालायचं, ठिकठिकाणी छोटे खड्डे घ्यायचे, बांध आणि उकिरड्याची जागा टाळायची, सगळी माती एकत्र मिसळून त्यातली अर्धा किलो पिशवीत भरायची. कारखान्यात यातलं बरंच उलटं करावं लागतं. इथे उकिरडाच शोधायचा असतो. शिवाय मिसळलं की सरासरी निघते आणि सरासरीत विष लपतं. एका खड्ड्यात मर्यादेच्या दहापट एचसीएच असेल आणि शेजारचे एकोणीस खड्डे स्वच्छ असतील, तर मिश्र नमुना बिनदिक्कत पास होतो. डायक्लोरोबेन्झीनसारखी उडून जाणारी रसायनं तर मिसळतानाच हवेत निघून जातात, म्हणून तो नमुना न चिवडता लगेच घट्ट झाकणाच्या बरणीत भरून बर्फात ठेवतात. पाऱ्याची अडचण आणखी वेगळी. तो थेंबाथेंबाने विखुरतो, त्यामुळे वीतभर अंतरावरच्या दोन नमुन्यांचे आकडेसुद्धा जुळत नाहीत.

जुन्या कारखान्याचे नकाशे, निवृत्त कामगारांच्या आठवणी हा पहिला आधार. दुसरा आधार विजेचा. जमिनीत खुंट्या ठोकून प्रवाह सोडायचा आणि खालचे थर त्याला किती विरोध करतात ते मोजायचं. पुरलेला कचरा आणि न हललेली माती यांचा विरोध सहसा वेगळा येतो. भोपाळमध्ये एनजीआरआयने ही पद्धत वापरली. त्यानंतर बोअर घेऊन खोलीनुसार नमुने काढायचे, आणि दूरच्या, कारखान्याचा वाराही न लागलेल्या जागेतलेही काही घ्यायचे. तुलनेला निर्मळ माती नसेल तर पारा कारखान्याचा की मुळातच जमिनीतला, हे कशावरून ठरवणार?

भोपाळची माती काळी, चिकण. ओली असताना ती पाणी सहसा खाली जाऊ देत नाही. उन्हाळ्यात मात्र तिला भेगा पडतात आणि पहिल्या पावसाचं पाणी थेट भेगेतून उतरतं. त्यामुळे वरचा थर बरा दिसला म्हणून खालचा बरा असेलच असं नाही. माझ्या मते अशा जागी पैसे वाचवायचेच असतील तर ते बोअरच्या खोलीवर वाचवू नयेत.

खोदकाम सुरू झालं की नमुने संपत नाहीत, उलट वाढतात. थर काढायचा, खड्ड्याच्या तळाचे आणि चारही भिंतींचे नमुने पाठवायचे, अहवाल मर्यादेत आला तर थांबायचं, नाहीतर पुन्हा खोदायचं. काढलेली माती जाड प्लॅस्टिकवर रचून झाकायची, धूळ उडू नये म्हणून पाणी मारायचं, पण इतकंही नाही की त्याचाच ओघळ आवाराच्या भिंतीपलीकडच्या वस्तीत जाईल. पावसाळ्यात हे काम काढणं म्हणजे विष स्वतःहून वाहून देणं.

मर्यादा किती धरायची, यावरही टनांचा आकडा बदलतो. जागेवर स्मारक होणार की घरं, मुलं तिथल्या मातीत खेळणार की नाही, यावर मर्यादा ठरते. ती जितकी कडक, तितकी जास्त माती ‘दूषित’ ठरते. 11 लाख टनांचा अंदाजही त्यावेळच्या बोअरांवर आणि त्यावेळी धरलेल्या मर्यादांवर उभा आहे, आणि त्यानंतर भोपाळने पंधराएक पावसाळे पाहिले. त्याच आकड्यावर खोदाईची निविदा काढण्याआधी नव्याने बोअर घ्यावे लागतील, आणि भिंतीच्या आत घ्याल तितके बाहेरही.