बेसिक रूल्स की एसआरडी? डी अँड डीच्या दोन फुकट फायली

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) म्हणजे टेबलाभोवती बसून, फासे टाकत साहसाची गोष्ट रंगवायचा खेळ. तो खेळायचं ठरलं की पहिलं घोडं पैशांपाशी अडतं. पाचव्या आवृत्तीची मुख्य पुस्तकं तीन. २०१४ साली ती आली तेव्हा प्रत्येकाची अमेरिकेतली छापील किंमत ४९.९५ डॉलर होती. जळगावात किंवा धुळ्यात कॉलेजच्या पाच पोरांनी वर्गणी काढली तरी तिन्ही पुस्तकं घेताना हात आखडतोच. मग ग्रुपातलं कोणीतरी म्हणतं, "काय भो, कंपनीनंच नियम फुकट दिलेत ना, डाउनलोड कर की."

म्हणणं बरोबर आहे. फक्त विझार्ड्स ऑफ द कोस्टनं, म्हणजे हा खेळ काढणाऱ्या कंपनीनं, एक नाही, दोन वेगळ्या गोष्टी फुकट दिल्या आहेत. एक 'बेसिक रूल्स' आणि दुसरी 'सिस्टम रेफरन्स डॉक्युमेंट', म्हणजे एसआरडी. व्हॉट्सॲपवर 'डीएनडी फ्री रूल्स' नावानं फिरणारी पीडीएफ यातली नेमकी कुठली, हे ती उघडल्यावरही बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. त्यात त्यांचा दोष नाही, कारण आतला मजकूर पानंच्या पानं सारखा आहे. गॉब्लिन हा छोटा राक्षस घ्या. दोन्हीकडे त्याचा आर्मर क्लास (त्याला वार लागायला गाठायचा आकडा) १५, हिट पॉइंट (तो किती नुकसान सोसतो) ७, तलवारीचा वार करताना वीस बाजूंच्या फाशात ४ मिळवायचे, लागला तर सहा बाजूंचा एक फासा आणि वर २ इतकं नुकसान. वार करूनही त्याच पाळीत लपून बसायची खोडही दोन्हीकडे आहे. टेबलावर बसून खेळणाऱ्याला हा गॉब्लिन कुठल्या फायलीतून आला यानं काडीचा फरक पडत नाही. फरक पडतो तो खेळ संपल्यावर, म्हणजे त्या गॉब्लिनला घेऊन तुम्ही काही लिहायला, छापायला, विकायला निघालात की.

बेसिक रूल्स जुलै २०१४ मध्ये आले, नवी आवृत्ती बाजारात उतरताना. हेतू सरळ होता: लोकांनी आधी खेळून बघावं, गोडी लागली की पुस्तकं घ्यावीत. म्हणून ती फाइल नवख्या माणसाला समोर बसवून सांगावं तशी लिहिलेली आहे. खेळ म्हणजे काय, डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा) काय करतो, बाकीचे काय करतात इथपासून सुरुवात. मग कॅरेक्टर कसं बनवायचं ते पायरीपायरीनं: सहा बाजूंचे चार फासे टाका, सगळ्यात लहान आकडा सोडा, उरलेल्या तिघांची बेरीज धरा, असं सहा वेळा करून कॅरेक्टरचे सहा गुण काढा. निवडीला मात्र मर्यादा आहे. चारच वंश (माणूस, एल्फ, ड्वार्फ, हाफलिंग) आणि चारच वर्ग, म्हणजे कॅरेक्टरचे पेशे (फायटर, 'रोग' म्हणजे चोरटा, क्लेरिक, विझार्ड). ड्रुइड, पॅलाडिन, वॉरलॉक यांचा पत्ता नाही. पण पहिल्या लेव्हलपासून विसाव्यापर्यंतचा अख्खा खेळ त्यात आहे. चौघांच्या टोळीला चार वर्ग पुरतात, आणि पहिल्या सेशनला पर्याय जितके कमी तितकं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे. बारा वर्ग समोर ठेवले की पोरं दोन तास निवडतच बसतात, आणि तेवढ्यात कोणाच्या तरी घरून फोन येतो.

एसआरडी वेगळ्याच गरजेतून आली आणि तिची मुळं २००० सालात आहेत. तेव्हा तिसरी आवृत्ती काढताना कंपनीनं ओपन गेम लायसन्स, म्हणजे ओजीएल आणलं. आमच्या नियमांवर तुम्हीही साहसकथा, राक्षस, पुस्तकं लिहा आणि विका, असं इतर प्रकाशकांना सांगणारं ते परवानापत्र. मग कुठला मजकूर मोकळा आणि कुठला नाही याची हद्द आखून द्यायला हवी. तो हद्दीतला मजकूर म्हणजे एसआरडी. पाचव्या आवृत्तीची एसआरडी २०१६ मध्ये निघाली. ती चारशेवर पानांची आहे, बारा वर्ग आणि नऊ वंश देते, राक्षसांची भलीमोठी जंत्री देते. वाचायला मात्र रुक्ष, सातबाऱ्याचा उतारा बरा वाटावा इतकी. प्रस्तावना नाही, समजावणं नाही, आणि ५.१ या आवृत्तीत तर वर सांगितलेली चार फाशांची रीतसुद्धा नाही. कॅरेक्टरचे सहा गुण कसे काढायचे हेच नाही. नवीन पोराच्या हातात ही फाइल दिली तर तो पुन्हा फिरकणार नाही.

बारा वर्ग दिले म्हणजे सगळं दिलं असंही नाही. प्रत्येक वर्गाची एकच उपशाखा आहे. पार्श्वभूमी (साहसाला निघण्याआधी कॅरेक्टर कोण होतं ते) एकच, अ‍ॅकोलाइट. फीट, म्हणजे जास्तीचं खास कसब, तेही एकच, ग्रॅपलर. या बाबतीत बेसिक रूल्स उलट उदार आहेत, त्यात पार्श्वभूमीचे पर्याय जास्त आहेत. म्हणजे 'एसआरडी मोठी, बेसिक रूल्स तिचा एक तुकडा' हा जो समज असतो, तो चुकीचा आहे. दोन्ही फायली मूळ पुस्तकांतूनच कापल्या, फक्त कात्री वेगवेगळ्या ठिकाणी चालली.

कात्री कुठे चालली हे मंत्रांच्या नावांत छान दिसतं. मूळ पुस्तकात 'बिग्बीज हँड' असा मंत्र आहे, एसआरडीत तोच 'आर्केन हँड' होतो. 'टाशाज हिडियस लाफ्टर'मधली टाशा गळते, नुसतं हसणं उरतं. कारण बिग्बी, टाशा ही कंपनीच्या जगातली पात्रं, ती कंपनीला स्वतःकडे ठेवायची होती. बिहोल्डर आणि माइंड फ्लेअर या कंपनीच्या खास राक्षसांची पानंही एसआरडीत नाहीत. तुम्ही बिहोल्डरला अहिराणी नाव दिलंत आणि तापीच्या डोहात बसवलंत, तरी तो त्यांचाच राहतो. खेळताना वापरा, कोणी विचारत नाही. छापताना नको.

आता हक्कांकडे येऊ, कारण खरी गोम तिथे आहे. बेसिक रूल्सच्या पीडीएफमध्ये पानाच्या तळाला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: विक्रीसाठी नाही, स्वतःच्या वापरासाठी छापायला आणि झेरॉक्स काढायला परवानगी. म्हणजे भुसावळच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन पाच प्रती काढा, स्पायरल बाइंडिंग करा, ग्रुपातल्या प्रत्येकाला द्या, काही हरकत नाही. त्याच पानांचं मराठी भाषांतर करून शंभर रुपयांना विकायची मात्र परवानगी त्यात कुठेच नाही. फुकट वाटायच्या चित्रांसाठी-व्हिडिओंसाठी कंपनीचं फॅन कंटेंटचं वेगळं धोरण आहे, पण नियमांचा मजकूर जसाच्या तसा उचलायला ते धोरणही उपयोगी पडत नाही.

एसआरडीची गोष्ट निराळी, आणि तिच्यामागे मोठं रामायण आहे. जानेवारी २०२३ मध्ये नव्या ओजीएलचा मसुदा फुटला. जुना परवाना मोडीत काढायचा आणि मोठ्या प्रकाशकांकडून रॉयल्टी घ्यायची, असा त्यात घाट होता. वीस-बावीस वर्षं ज्या परवान्याच्या भरवशावर लोकांनी धंदे उभे केले, तोच पायाखालून काढला जातोय म्हटल्यावर जगभर बोंब झाली, लोकांनी कंपनीच्या डिजिटल सेवेची सदस्यत्वं रद्द केली. त्याच महिन्याच्या २७ तारखेला कंपनीनं माघार घेतली आणि अख्खी एसआरडी ५.१ क्रिएटिव्ह कॉमन्सच्या 'सीसी बाय ४.०' परवान्याखाली सोडली. हा परवाना परत घेता येत नाही. मजकूर वापरा, बदला, भाषांतर करा, विका. अट एकच, मूळ श्रेय द्यायचं. पुढे त्याच वर्षी फ्रेंच, इटालियन, जर्मन आणि स्पॅनिश एसआरडी कंपनीनंच काढली. मराठीची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. ती आपणच करायची, आणि करायला कोणाची परवानगीही लागत नाही.

खानदेशातल्या डीएमला याचा काय उपयोग, तर भरपूर. आपल्याकडे साहसकथेसाठी जागा शोधत हिंडावं लागत नाही. शिरपूर तालुक्यातलं थाळनेर घ्या, तापीच्या काठावर, फारुकी सुलतानांची सुरुवातीची राजधानी. त्याच घराण्याचा शेवट १६०१ मध्ये अकबरानं असीरगड घेतला तेव्हा झाला. वेढ्यात अडकलेला गड, आत संपत चाललेलं धान्य आणि बाहेर बातमी न्यायची जबाबदारी अंगावर पडलेली चार माणसं: एका रात्रीच्या सेशनला एवढं पुष्कळ. नाहीतर एरंडोलजवळचं पद्मालय आहे. तिथे जंगलात भीमकुंड आहे आणि भीमानं बकासुराला इथेच मारलं अशी लोकांची श्रद्धा आहे. गाडाभर अन्न राक्षसाकडे घेऊन जायची पाळी आज तुमच्या गावाची आहे, असं म्हणून डीएमनं नुसतं थांबावं. पुढचं पोरंच बोलतात. बकासुराचे आकडे नव्यानं काढायचीही गरज नाही, एसआरडीतला ऑगर हा धिप्पाड राक्षस घ्या आणि त्याचे हिट पॉइंट वाढवा.

हे सगळं मित्रांतच खेळायचं असेल तर दोन्हीपैकी कुठलीही फाइल चालते. ते लिहून काढून वीस पानांची पुस्तिका केलीत, त्यात ऑगरचा अख्खा तक्ता मराठीत छापलात आणि जळगावच्या पुस्तक प्रदर्शनात तीस रुपयांना ठेवलीत, तर तो तक्ता एसआरडीतून घेतलेला असला पाहिजे आणि पुस्तिकेत श्रेयाचा मजकूर असला पाहिजे. हा मजकूर एसआरडीच्या पहिल्याच पानावर तयार दिलेला असतो. कामात एसआरडीचा भाग आहे, ती विझार्ड्स ऑफ द कोस्टची आहे, अमुक ठिकाणी मिळते आणि सीसी बाय ४.० खाली आहे, असा त्याचा आशय. तो कापायचा नाही, सजवायचा नाही, तसाच ठेवायचा. मुखपृष्ठावर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हे नाव किंवा त्याचं बोधचिन्ह टाकू नका, ते ट्रेडमार्क आहे आणि या परवान्यात येत नाही. 'पाचव्या आवृत्तीशी सुसंगत' किंवा '५ई सुसंगत' अशा अर्थाची ओळ टाकायला एसआरडीनंच मुभा दिली आहे.

२०२४ मध्ये नियम सुधारून आले, त्यामुळे गोंधळात आणखी भर पडली. त्या नियमांची फुकट आवृत्ती 'फ्री रूल्स' या नावानं ऑनलाइन वाचायला मिळते. ती बेसिक रूल्सची धाकटी बहीण समजा. त्याच नियमांवरची एसआरडी ५.२ एप्रिल २०२५ मध्ये आली, तीही सीसी बायखाली. तिच्यात कॅरेक्टर बनवायची रीत आहे, म्हणून ५.१ पेक्षा ती जरा माणसाळलेली वाटते. नव्यानं लिहायला बसणाऱ्यानं ५.२ घ्यावी. ज्यांच्याकडे जुनी छापील साहसं पडलेली आहेत त्यांनी ५.१ वर राहावं. दोन्हींतले आकडे एकाच तक्त्यात मिसळले की टेबलावर वाद ठरलेला.

फाशांवर खर्च करायचा नसेल तर मोबाइलवर फासे टाकणारी फुकट ॲप आहेत. तेही नको तर एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या करून पिशवीत टाका. प्रत्येक वेळी काढलेली चिठ्ठी परत आत टाकायची हे मात्र विसरू नका, नाहीतर एकदा वीस निघाला की तो पुन्हा येणारच नाही. लुडोचे सहा बाजूंचे फासे जोडून वीसचं काम भागवायला जाऊ नका. तीन फाशांची बेरीज बहुतेक वेळा दहा-अकराच्या आसपास घुटमळते आणि सगळा थरार निघून जातो. नकाशाला चौकटीची वही, राक्षसांना चिंचोके.

एसआरडीचं मराठीकरण करायची कोणाला हुक्की आलीच तर चारशे पानांना एकदम भिडू नका. शेवटाकडे कंडिशन्सची यादी आहे: आंधळा झालेला, घाबरलेला, खाली पडलेला, विष चढलेला वगैरे पंधरा अवस्था, प्रत्येकीला दोन-चार ओळींचा नियम. दोन पानांत बसते आणि दर सेशनला लागते. मराठीत करा, जमलं तर शेजारी अहिराणीत करा, खाली श्रेयाचा मजकूर टाका आणि ग्रुपात पाठवून द्या.