मानेचा अर्धा इंच : अमेरिकी लष्करातील चरबीचे मोजमाप

अमेरिकी लष्करातील २५ वर्षांच्या एका सैनिकाची कल्पना करू. उंची ७० इंच, बेंबीच्या पातळीवर पोटाचा घेर ३८ इंच, मानेचा घेर १६ इंच, आणि वजन उंची-वजनाच्या तक्त्यातील मर्यादेपेक्षा जास्त. वजन तक्त्याबाहेर गेले की टेप बाहेर निघे. पोट, मान आणि उंची या तीन आकड्यांवरून चरबीची टक्केवारी काढायची, अशी पुरुषांसाठीची रीत २०२३ पर्यंत होती. त्या सूत्रात आपल्या सैनिकाचे आकडे घातले, तर उत्तर येते २३ टक्के. २१ ते २७ या वयोगटातील पुरुषांसाठी मर्यादा २२ टक्क्यांची, म्हणून तो नापास. आता मानेवर टेप किंचित सैल धरली गेली आणि घेर साडेसोळा इंच भरला, एवढाच बदल करून तेच गणित पुन्हा मांडले, तर उत्तर २२.१, म्हणजे पूर्णांकात २२ येते आणि तोच माणूस पास होतो. नापास झालेल्याची बढती अडते, आणि ठरल्याप्रमाणे चरबी उतरली नाही तर त्याला सेवेतून कमीही केले जाऊ शकते.

मानेचा चरबीशी संबंध काय, असा प्रश्न इथे साहजिकच पडतो. हे सूत्र हॉजडन आणि बेकेट या संशोधकांनी सॅन दिएगो येथील नौदलाच्या आरोग्य संशोधन केंद्रात तयार केले आणि १९८४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. पोटाच्या घेरातून मानेचा घेर वजा करायचा, त्या वजाबाकीचा आणि उंचीचा लॉगॅरिथम (लघुगणक) घ्यायचा आणि त्यांना ठरावीक गुणकांनी गुणायचे, असे त्याचे स्वरूप आहे. जाड मान ही स्नायूंची आणि थोराड बांध्याची खूण मानलेली असल्यामुळे ती सैनिकाच्या बाजूने मोजली जाते. स्त्रियांच्या सूत्रात याखेरीज नितंबांचा घेरही येतो, आणि टेप थोडी वरखाली सरकली तरी फरक पडेल अशी आणखी एक जागा वाढते. नियम कळल्यावर माणसे नियमाप्रमाणे वागतात. सैनिकांनी व्यायामाने मान कमावण्यामागे कुस्तीची हौसच असेल असे नाही.

या सूत्राची चूक पुरुषांमध्ये सुमारे साडेतीन टक्के-बिंदू आणि स्त्रियांमध्ये त्याहून किंचित अधिक असल्याचे त्याच्या कर्त्यांनीच नोंदवले होते. हा आकडा लहान वाटतो, आणि एखाद्या पलटणीची सरासरी चरबी काढायची असेल तर तो खरोखरच लहान आहे, कारण शेकडो माणसांत कमी-जास्त चुका एकमेकींना बऱ्याच अंशी खोडून काढतात. एकट्या माणसाच्या बाबतीत अशी खोडाखोड होत नाही. ज्याची खरी चरबी २० टक्के आहे, म्हणजे जो नियमात बसतो, त्याच्याबाबत सूत्राची चूक नेहमीच्या घंटेच्या आकाराच्या वक्राप्रमाणे पसरलेली मानली, तर तो २२ टक्क्यांच्या रेषेपलीकडे दिसण्याची शक्यता जवळजवळ चारांत एक इतकी निघते. उलट, ज्याची खरी चरबी २५ टक्के आहे तो रेषेच्या आत दिसण्याची शक्यताही तितकीच. पद्धत वाईट आहे असे यावरून म्हणता येणार नाही, पण तिच्यावर एक-एक टक्क्याचा निर्णय टाकणे हे तिच्या कुवतीबाहेरचे काम आहे, असे माझे मत आहे.

इथे ‘खरी चरबी’ हा शब्द मी सहज वापरला, पण ती कोणी पाहिली? जिवंत माणसाची चरबी थेट मोजता येत नाही. तिचे वजन करायचे तर शवविच्छेदनच करावे लागते. बाकी प्रत्येक पद्धत शरीराचा दुसराच कोणतातरी गुणधर्म मोजते आणि त्यावरून चरबीचा अंदाज बांधते. टेपचे सूत्रही पाण्याखालच्या वजनाशी ताडून बसवलेले होते, आणि ते वजन हासुद्धा एक अंदाजच आहे.

पाण्याखाली वजन करण्याच्या या पद्धतीचा जन्म नौदलातच झाला. अल्बर्ट बेन्के या नौदलाच्या डॉक्टरांनी वेल्हम यांच्यासह १९४२ मध्ये अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या २५ व्यावसायिक खेळाडूंची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी १७ जण उंची-वजनाच्या तक्त्यानुसार ‘अतिवजनदार’, म्हणून लष्करी सेवेला अपात्र ठरत होते. पाण्यात वजन केल्यावर मात्र त्यांतल्या बहुतेकांचे जादा वजन स्नायूंचे निघाले. वजन आणि चरबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून आकड्यांनी दिसले.

पाण्यात माणूस किती हलका होतो यावरून त्याच्या शरीराची घनता कळते. घनतेवरून चरबी काढण्यासाठी १९६१ मध्ये सिरी या शास्त्रज्ञांनी मांडलेले समीकरण वापरतात. त्यात चरबीची घनता दर घन सेंटिमीटरला ०.९ ग्रॅम आणि बाकी सगळ्या शरीराची १.१ ग्रॅम धरलेली आहे. घनता १.०५० आली तर चरबी २१.४ टक्के, आणि १.०४५ आली तर २३.७ टक्के. घनतेच्या तिसऱ्या दशांश स्थळी पाचाचा फरक पडला की उत्तर दोन टक्क्यांहून अधिक हलते, आणि फुप्फुसात उरलेल्या हवेचा अंदाज चुकला तरी एवढे सहज घडते. शिवाय हाडे अधिक घट्ट असलेल्या माणसात ‘बाकी शरीर’ १.१ पेक्षा जड असते; काही सडपातळ खेळाडूंची चरबी या समीकरणाने शून्याखाली येते, ती यामुळेच.

नवी यंत्रे या अडचणींपैकी काही टाळतात. डेक्सा हे यंत्र दोन वेगवेगळ्या ऊर्जेचे क्ष-किरण शरीरातून पाठवून हाड, चरबी आणि मऊ मांस वेगळे ओळखते. आज तुलनेसाठी बहुधा तेच घेतात, तरी दोन कंपन्यांची यंत्रे एकाच माणसाला अगदी सारखा आकडा देतीलच असे नाही. बॉड पॉड या बंद कोठडीसारख्या यंत्रात पाण्याऐवजी हवेने आकारमान मोजतात, म्हणून आत बसताना अंगाला घट्ट कपडे आणि डोक्यावर पोहण्याची टोपी लागते. केसांत अडकलेली हवा हिशेब बिघडवते. विद्युत-प्रतिबाधेचे यंत्र शरीरातून सौम्य प्रवाह सोडून पाण्याचा, आणि त्यावरून मांसाचा, अंदाज घेते. वजन उतरवण्यासाठी आदल्या दिवशी घाम गाळून आलेला सैनिक काट्यावर हलका भरतो आणि याच यंत्रावर अधिक चरबीचा दिसू शकतो.

लष्कराच्या पर्यावरणीय वैद्यक संशोधन संस्थेने अडीच हजारांहून अधिक सैनिकांची मोजणी करून जुनी सूत्रे डेक्साशी ताडून पाहिली, आणि २०२३ मध्ये मान व नितंब दोन्ही वगळून फक्त पोटाचा घेर व वजन यांवर चालणारे सूत्र आणले. त्यात वजन उणे चिन्हाने येते. म्हणजे पोट तेवढेच असताना वजन जास्त असेल, तर चरबी कमी धरली जाते. आधी हे उलटे वाटते, पण पोटावर न दिसणारे वजन बहुधा हाडामांसाचे असते, असा त्यामागचा तर्क आहे. या मोजणीत नापास झालेला सैनिक, यंत्र उपलब्ध असल्यास, डेक्सा, बॉड पॉड किंवा प्रतिबाधेच्या चाचणीची मागणी करू शकेल, असेही तेव्हा ठरले. मरीन कोअर या सागरी सैन्यदलानेही टेपच्या आकड्यावर कोणाला सेवेतून काढण्याआधी यंत्राची तपासणी आवश्यक केली. त्याच वर्षी लष्कराने, शारीरिक क्षमता चाचणीत ६०० पैकी ५४० गुण आणि प्रत्येक प्रकारात किमान ८० मिळवणाऱ्याला चरबीच्या मोजणीतून सूट दिली.

हवाई दलाने मात्र चरबीची टक्केवारी सांगण्याचा दावाच ठेवला नाही. तिथे २०२३ मध्ये कंबर भागिले उंची एवढेच पाहण्याचा नियम आला आणि ते ०.५५ च्या आत असणे आवश्यक ठरले. आपल्या सैनिकाचे वजन १९५ पाउंड धरले, तर लष्कराच्या २०२३ च्या सूत्राने त्याची चरबी २५ टक्के येते आणि जाड मानेचा आधार नसल्यामुळे तो स्पष्टपणे नापास होतो. हवाई दलात टेप थोड्या वेगळ्या जागी लावतात, पण कंबर ३८ इंचच भरली असे मानले, तर ३८ भागिले ७० म्हणजे ०.५४, आणि त्या नियमाने तिथे तो पास होतो.