वारस कोणाला म्हणायचं, आणि सातबाऱ्यावर वारस नोंद कशी होते

‘वारस’ हा अरबीतून आलेला शब्द. मागे राहिलेल्या मालमत्तेवर ज्याचा कायद्याने हक्क, तो वारस. ‘बेवारस’ त्यातूनच आला. घरातली माणसं मात्र हा शब्द सैल वापरतात: बँकेत ज्याचं नाव नॉमिनी म्हणून लावलं, त्यालाच वारस समजतात. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो; ते कोणाचे, हे वारसा कायदा ठरवतो.

हिंदू वारसा कायदा 1956 नुसार, पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर मुलगा, मुलगी, विधवा आणि आई हे पहिल्या वर्गातले वारस. वडील दुसऱ्या वर्गात, हे अनेकांना ऐकून धक्काच बसतो. मुलीचं लग्न झालं म्हणून ती वगळली जात नाही. वारस नोंदीच्या अर्जात बहिणींची नावं ‘विसरली’ जातात, आणि पुढची भांडणं बहुतेक तिथूनच सुरू होतात.

महाराष्ट्रात शेतजमिनीसाठी अर्ज तलाठ्याकडे (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) किंवा ई-हक्क प्रणालीवरून ऑनलाइन करता येतो. जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 149 प्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचं असतं. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, पण कागद जमवणं अवघड होत जातं.

सोबत मृत्यू दाखला, सातबारा व आठ-अ (खातेदाराच्या गावातल्या एकूण जमिनीचा उतारा), वारसांची ओळखपत्रं, आणि सगळ्या वारसांची नावं, वय, पत्ता व मयताशी नातं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र लागतं. मृत्यू दाखल्यावरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव जुळतंय का, ते आधी पाहा. एकीकडे ‘बाळू’ आणि दुसरीकडे ‘बाळकृष्ण’ असेल तर अर्ज तिथेच अडतो.

चौकशीनंतर वारस रजिस्टरला, म्हणजे गाव नमुना 6-क ला नोंद होते. मग फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, धरला जातो आणि हितसंबंधितांना नोटीस निघते. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो. हरकत आलीच तर प्रकरण तक्रार नोंदवहीत जातं आणि सुनावणी होते.

बहिणीला हिस्सा सोडायचा असेल, तर साध्या कागदावर सही घेऊन भागत नाही. नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. आणि सातबाऱ्यावरच्या वारस नोंदीचा उपयोग बँकेतल्या ठेवी किंवा शेअर्ससाठी होत नाही. त्यासाठी बँक दिवाणी न्यायालयाचं उत्तराधिकार प्रमाणपत्र मागू शकते.