स्ट्रूप टास्क: तक्त्यापासून ब्राउझरपर्यंतची पार्श्वभूमी

स्ट्रूप टास्कमध्ये छापलेला शब्द न वाचता त्याच्या शाईचा रंग सांगायचा असतो. मानसशास्त्रज्ञ स्ट्रूप यांचा मूळ १९३५ चा प्रयोग कागदावरचा होता. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर शंभर शब्दांचा तक्ता ठेवून शाईचा रंग मोठ्याने सांगायला लावलं. रंगीत चौकोनांचा तक्ता सरासरी ६३.३ सेकंदांत उरकला, विसंगत शब्दांचा, म्हणजे निळ्या शाईतला ‘लाल’ अशा शब्दांचा, ११०.३ सेकंदांत. म्हणजे दर शब्दामागे जवळजवळ अर्धा सेकंद जादा.

पुढची काही दशकं इथे वगळायला हरकत नाही. खरी उलथापालथ संगणक आल्यावर झाली. पूर्वी अख्ख्या तक्त्याचा एकच आकडा मिळे. आता प्रत्येक शब्दाचा वेळ वेगळा, चुका वेगळ्या, क्रम दरवेळी नवा. पंचाईत एकच होती, उत्तर नोंदवायचं कसं? मायक्रोफोन लावून आवाज ऐकताच घड्याळ थांबवता येई, पण खोकला किंवा नुसतं ‘अं...’ आलं तरी ते थांबे. ‘ट’ने सुरू होणारा शब्द चटकन नोंदला जाई, ‘स’ने सुरू होणारा रेंगाळे. शिवाय उत्तर बरोबर की चूक हे ऐकायला कुणीतरी शेजारी बसून राहायचं. कीबोर्डने हे सगळं एका फटक्यात मिटवलं.

पण त्याची किंमत मोजावी लागली, आणि तिची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही. रंगाचं नाव उच्चारायचं असतं तेव्हा समोर छापलेला शब्द आणि ओठांवर येणारा शब्द यांची थेट टक्कर होते. बोटाने कळ दाबताना उच्चाराची गरजच नसते. टक्कर सौम्य होते, फरक लहान येतो. वर कुठली कळ कुठल्या रंगाची, हे लक्षात ठेवण्याचं ओझं वेगळंच. तुलनेचा पायाही बदलला. मूळ तक्त्यात चौकोन होते. संगणकावर बऱ्याचदा सुसंगत शब्द, म्हणजे लाल शाईतला ‘लाल’, आधाराला घेतात. असे सुसंगत शब्द जास्त पेरले की विसंगत शब्दावर माणूस अधिक अडखळतो. तरीही नाव तेच राहिलं आणि निष्कर्ष एकमेकांशेजारी मांडले जाऊ लागले. सोय म्हणून केलेला हा बदल पद्धतीतली किरकोळ बाब म्हणून खपून गेला, हे खटकतं.

त्यामानाने, ब्राउझरमध्ये चालवलेल्या प्रयोगात वेळ अचूक मोजला जात नाही हा आरडाओरडा जरा जास्तच वाटतो. ६० हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनीच ताजा होतो, यूएसबी कीबोर्डला कळ दाबली गेली का हे संगणक अनेकदा दर ८ मिलिसेकंदांनीच विचारतो, आणि २०१८ च्या सुरुवातीला स्पेक्टर ही प्रोसेसरमधली त्रुटी उघड झाल्यावर ब्राउझरांनी आपली घड्याळं मुद्दाम ढोबळ केली. पण ठरावीक विलंब दोन्ही प्रकारच्या शब्दांना सारखाच लागतो आणि वजाबाकीत निघून जातो. अडचण येते ती एकेका माणसाचा वेगाचा आकडा हवा असेल तर. २०२० अखेर फ्लॅश हे ब्राउझरमध्ये चालणारं जुनं तंत्र बंद पडलं, तेव्हा त्यात बांधलेले प्रयोग नव्याने लिहावे लागले. ते लिहितानाही बहुतेकांनी कळाच कायम ठेवल्या.

२०१८ मध्येच आणखी एक अडचण ठळक झाली. स्ट्रूपचा परिणाम, म्हणजे विसंगत शब्दांवर लागणारा जादा वेळ, जवळपास प्रत्येकात दिसतो, म्हणून माणसामाणसांतला फरक तोकडा पडतो. गटांच्या तुलनेला टास्क उत्तम, एकट्या व्यक्तीचं मोजमाप करायला कच्चं. चिकित्सालयात एका रुग्णाचा निकाल वाचणाऱ्याला ही बाब सर्वांत आधी माहीत हवी.