मास्टेक्टॉमीनंतर इम्प्लांट बसवायचं म्हणजे नक्की काय? आमच्याकडे येणाऱ्या तायांसाठी माहिती

आमचं छोटं दुकान आहे मास्टेक्टॉमीनंतरच्या, म्हणजे स्तन काढायच्या ऑपरेशननंतरच्या, ब्रा आणि आत घालायच्या सिलिकॉन पॅडचं. ऑपरेशन आम्ही करत नाही, कुठल्या हॉस्पिटलशी आमचं कमिशन नाही, पण माप द्यायला आलेल्या ताया ट्रायल रूमचं दार लागलं की हळूच विचारतात की ते इम्प्लांटचं काय असतं हो, म्हणून हे लिहून काढलंय. तुमच्या बाबतीत काय योग्य ते तुमचे सर्जनच सांगणार, त्यांना काय विचारायचं ते मात्र इथून घेऊन जा.

बऱ्याच जणींना वाटतं एकदा टेबलवर झोपलं की काम झालं. कधीकधी होतं तसं, कॅन्सरची गाठ आणि स्तन काढला आणि त्याच ऑपरेशनमध्ये कायमचं इम्प्लांट, म्हणजे स्तनाचा आकार देणारी आत ठेवायची पिशवी, बसवलं. पण कातडी कमी उरली असेल किंवा तिच्यावर ताण नको असेल तर आधी एक्सपांडर बसवतात, म्हणजे एक रिकामी किंवा थोडीच भरलेली सिलिकॉनची पिशवी. जखम भरत आली की ओपीडीत बोलावून कातडीवरून बारीक सुईने तिच्यात सलाईनचं पाणी भरतात, साधारण 50 ते 100 मिली एका वेळी, आठवड्याने किंवा पंधरा दिवसांनी. भरल्यावर एक-दोन दिवस छाती आवळल्यासारखी वाटते, मग सैल पडते. हवा तेवढा आकार आला की काही काळ थांबून दुसरं ऑपरेशन, त्यात एक्सपांडर काढून इम्प्लांट. एक लक्षात ठेवा, बऱ्याच एक्सपांडरमध्ये लोहचुंबक असतं, तो आत असताना कोणी एमआरआय लिहून दिला तर आधी सांगायचं.

रेडिएशन होणार आहे का हे अगदी सुरुवातीलाच विचारा. इम्प्लांटभोवती शरीर स्वतःहून एक पापुद्रा तयार करतं, तो सगळ्यांनाच होतो, पण काहींचा आवळत जातो आणि छाती कडक होते, दुखते, आकार बिघडतो, आणि रेडिएशन घेतलेल्यांमध्ये हे जास्त होतं. अशा वेळी पोटाची चरबी किंवा पाठीचा स्नायू वापरून करायची सर्जरी बरी पडेल का तेही विचारा, ती मोठी असते, पण पर्याय म्हणून कानावर असलेली बरी.

आता एक गोष्ट जरा स्पष्टच बोलतो. मिशरी. सिगारेट ओढता का विचारलं की ताया "छे" म्हणतात आणि ते खरंच असतं, पण सकाळी मिशरी लावलेली असते आणि ती कोणी विचारत नाही, सासूबाईंसमोर सांगायची लाज वाटते म्हणून आपणही सांगत नाही. तंबाखू ती तंबाखूच, निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि मास्टेक्टॉमीनंतर उरलेली पातळ कातडी तेवढ्याच रक्तावर जगत असते, ती काळी पडली तर इम्प्लांट उघडं पडतं. डॉक्टरांना खरं सांगा आणि ऑपरेशनच्या कितीतरी आधीपासून बंद करा. शुगर असेल तर तीही ताब्यात हवी.

घरी येताना बहुतेक वेळा ड्रेनची, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणारी, नळी असते, रोज किती पाणी आलं ते वहीत लिहायचं, साधारण 24 तासांत 30 मिलीच्या खाली आलं की काढतात. ताप, लाली, छाती गरम लागणं, एकदम सूज, घाण वासाचं पाणी, यातलं काही दिसलं तर सोमवारची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा, कारण इन्फेक्शन आटोक्यात आलं नाही तर इम्प्लांट काढावंच लागतं आणि पुन्हा बसवायला काही महिने थांबावं लागतं.

ऑपरेशन झालेल्या बाजूला स्पर्श कमी कळतो, बऱ्याच जणींना कळतच नाही. त्यामुळे शेकायची रबरी पिशवी छातीवर कधीच ठेवायची नाही, भाजलं तरी जाणवत नाही. थंडीत ती बाजू गार लागते, ते नॉर्मल आहे.

इम्प्लांट जन्मभराचं नसतं. दर दहा वर्षांनी बदलायलाच हवं असंही नाही, पण जितकी वर्षं जातात तितकी बदलायची किंवा काढायची वेळ यायची शक्यता वाढते. सिलिकॉनचं फुटलं तरी बाहेरून बऱ्याचदा काही कळत नाही, म्हणून अमेरिकेची एफडीए, म्हणजे तिथली औषधं आणि उपकरणांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था, सांगते की पाच-सहा वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करा आणि मग दर दोन-तीन वर्षांनी. कंपनीचं कार्ड, ज्यावर मॉडेल आणि नंबर असतो, ते हक्काने मागून घ्या आणि मंगळसूत्राच्या डबीइतकं जपा. 2019 मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीने बायोसेल नावाचे खरबरीत इम्प्लांट जगभरातून परत मागवले, कारण त्यांच्याभोवती क्वचित होणाऱ्या एका लिम्फोमाशी (एक प्रकारचा कॅन्सर) त्यांचा संबंध दिसला, तेव्हा आपल्या आत नक्की कुठलं आहे हे ज्यांच्याकडे कार्ड होतं त्यांना लगेच कळलं. बऱ्याच वर्षांनी ती बाजू अचानक सुजली तर दाखवायलाच हवं. आणि हो, इम्प्लांटमुळे स्तनाचा कॅन्सर परत यायची शक्यता वाढत नाही, दुसऱ्या बाजूची मॅमोग्राफी मात्र चालूच ठेवायची.

पैशांचं. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत कॉस्मेटिक सर्जरी मिळणार नाही हे वाचून बरेच लोक क्लेमच करत नाहीत. त्याच कलमात पुढे अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरच्या रिकन्स्ट्रक्शनचा, म्हणजे गेलेला भाग पुन्हा घडवण्याचा, अपवाद लिहिलेला असतो, विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयच्या ठरलेल्या मजकुरात तो एक्सक्लूजन कोड 08 आहे. हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याचे क्लेम बघतात तिथे, ते पान उघडून दाखवा आणि सर्जनच्या चिठ्ठीवर "कॅन्सरनंतरचं रिकन्स्ट्रक्शन" असं स्पष्ट लिहून घ्या.

नाही करायचं असेल तर तेही पूर्ण ठीक आहे, नंतर कधी मन झालं तर तेव्हाही करता येतं, घरचे म्हणतात म्हणून घाई नको. ऑपरेशन ठरलं असेल तर आधीच येऊन पुढून उघडणारी, तार नसलेली ब्रा घेऊन जा, तारेची ब्रा डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही. एक्सपांडर भरणं चालू असताना महागाची घेऊ नका, माप बदलत राहतं, आम्ही तेव्हा साधी कॉटनचीच देतो. माप बाईच घेतात, सोबत कोणी आणलंत तरी चालेल.