युनिक्स आपणहून थांबतं तेव्हा

युनिक्स ही संगणक चालवणारी मूळ प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. जुन्या युनिक्स संगणकाच्या पडद्यावर ‘पॅनिक’ असा शब्द उमटतो, पुढं एखादं त्रोटक कारण आणि काही आकडे येतात, आणि सगळं ठप्प होतं. बघणाऱ्याला वाटतं, यंत्र कोलमडलं. प्रत्यक्षात युनिक्सच्या गाभ्यानं, म्हणजे कर्नलनं, स्वतःच थांबायचं ठरवलेलं असतं. आपल्याच नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत हे त्याच्या लक्षात आलेलं असतं. अशा अवस्थेत डिस्कवर काही लिहिलं, तर चांगल्या फायलींचाही चुथडा व्हायचा. विहिरीवरच्या पंपाच्या स्टार्टरमधला रिले मोटर जळायच्या आत सुटतो, त्यातलाच हा प्रकार. रिले सुटला म्हणून कुणी रिलेला शिव्या देत नाही.

ही पद्धत युनिक्सच्या जन्मापासूनची आहे. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत युनिक्सला सुरुवात केली. त्याआधी ते मल्टिक्स नावाच्या ज्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पात होते, तिथं चुकीतून सावरण्यासाठीच ढीगभर कोड लिहावा लागे. युनिक्समध्ये त्यांनी ते बहुतेक वगळलं: गंभीर चूक दिसली की थांबायचं, कुणीतरी येऊन यंत्र पुन्हा सुरू करील. प्रयोगशाळेत असं कुणीतरी हाकेच्या अंतरावर असे.

अडचण झाली ती युनिक्स टेबलावर आल्यावर. १९८५ सालच्या ‘एटी अँड टी युनिक्स पीसी’मध्ये १० मेगाहर्ट्झचा मोटोरोला ६८०१० प्रोसेसर होता, आणि साध्या मॉडेलात ५१२ किलोबाइट मेमरी. एवढ्याशा जागेत अख्खं युनिक्स! आधी युनिक्स ज्यांवर चाले ते मिनीकॉम्प्युटर वातानुकूलित खोलीत राहत, त्यांच्या दिमतीला माणूस असे. घरातल्या यंत्राला ना थंड खोली, ना माणूस, ना भरवशाची वीज.

वीज हा नाजूक मुद्दा. युनिक्स लिहिलेली माहिती लगेच डिस्कवर टाकत नाही. ती मेमरीत साठवतं आणि साधारण दर ३० सेकंदांनी डिस्कवर उतरवतं. यानं वेग मिळतो, पण मध्येच लाईट गेली की फाइलचं नाव एकीकडं, तिचे ब्लॉक, म्हणजे डिस्कवरचे तुकडे, भलतीकडं. मग ‘एफएससीके’ (fsck) हा प्रोग्रॅम पाच टप्प्यांत सगळा हिशेब तपासतो. ज्या फायलींचं नाव हरवलंय, त्यांना तो नुसते आकडे देऊन ‘लॉस्ट अँड फाउंड’ या डिरेक्टरीत ठेवतो. मुख्य फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवरची फायलींची मांडणी, दुरुस्त केली की मात्र तो बजावतो: सिंक न करता, म्हणजे मेमरीतलं डिस्कवर न उतरवता, यंत्र रिसेट करा. एरवी सिंक केल्याशिवाय यंत्र बंद करू नये, असं नव्या माणसाला घोकून घोकून शिकवलेलं, आणि इथं उलटंच! कारण साधं आहे. मेमरीत अजून जुनी, चुकीची नोंद बसलेली असते. सिंक केलं, तर तीच दुरुस्तीवर जाऊन बसणार.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या, मशिनची इलेक्ट्रॉनिक कार्डं दुरुस्त करणाऱ्या माझ्या एका मित्राकडं त्याच पिढीतलं एक यंत्र आहे. ते वारंवार थांबायचं. मी पडद्यावरच्या संदेशाचा अर्थ लावत बसलो, तर तो म्हणाला, “ते काय म्हणतंय ते र्‍हाऊ दे. कवा बंद पडतंय ते पयलं लिव.”

त्याचं बरोबर होतं. चूक कुठं पकडली गेली एवढंच संदेश सांगतो. ती कुठं जन्मली हे तो सांगेलच असं नाही. नोंदी ठेवल्यावर दिसलं की संदेश दर वेळी वेगळा. कधी मेमरीची पॅरिटी चूक (म्हणजे साठवलेला एखादा बिट, ० किंवा १, उलटल्याची खूण), कधी आधीच मोकळा असलेला ब्लॉक पुन्हा मोकळा केल्याची तक्रार. संदेश बदलत राहिले तर संशय हार्डवेअरवर घ्यावा. तोच संदेश त्याच जागी येत राहिला तर प्रोग्रॅमवर किंवा डिस्कच्या एखाद्या ब्लॉकवर.

पॅरिटीची चूक क्वचित, एखाददुसरी असेल तर फार मनावर घेऊ नये. चिपच्या आवरणातल्या किरणोत्सारी अंशातून निघणारे अल्फा कणही मेमरीतला बिट उलटवू शकतात, हे इंटेलच्या मे आणि वूड्स यांनी १९७८ साली दाखवलं होतं. पण रोज चूक येत असेल, तर अल्फा कणांवर ढकलून चालत नाही.

आमच्या नोंदींत दोन वेळा उठून दिसत होत्या. एक, यंत्र तापल्यावर. तापणं-निवणं चालू राहिलं की सॉकेटातल्या चिपा हळूहळू वर सरकतात. त्यात कोल्हापूरचा पावसाळा, म्हणजे पाय काळे पडलेलेच. चिपा काढून, पाय पुसून पुन्हा दाबून बसवल्यावर ते थांबणं कमी झालं. दुसरी, शेजारच्या वर्कशॉपातली मोठी मोटर सुरू होताना. निरोगी पॉवर सप्लाय वीज गेल्यावरही साधारण एक सायकल, म्हणजे २० मिलिसेकंद, तग धरतो. पण सप्लायमधले कंडेन्सर वयानं सुकले होते. तिथं ५ व्होल्टची लाइन क्षणभर ४.७५च्या खाली जायची, आणि जुन्या चिपांचा भरवसा तिथंच संपतो. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, म्हणून त्यावर सगळं आलबेल. व्होल्टेजचा क्षणोक्षणीचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप लावला तेव्हा तो खड्डा दिसला. १०५ अंश सेल्सियसपर्यंत चालणारे नवे कंडेन्सर बसले आणि मोटरचा त्रास गेला.

उरलं ते एकच पॅनिक, मोठा प्रोग्रॅम कंपाइल करताना, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवताना, येणारं: स्वॅप करताना डिस्क वाचता आली नाही. दर वेळी तोच ब्लॉक. एवढ्याशा मेमरीत मोठा प्रोग्रॅम मावत नाही, म्हणून काही भाग डिस्कवर ठेवावा लागतो, आणि तिथं तो ब्लॉक मेलेला होता. आधी डिस्कची पूर्ण नक्कल घेतली, मग तो ब्लॉक खराब ब्लॉकच्या यादीत टाकला. कंपाइल आता शेवटपर्यंत जातं. वेळ मात्र इतका लागतो, की मित्र तोवर दुसरं एखादं कार्ड उघडून बसतो.